पदरची मिनिटं

जोशीबुवांना कारण विचारता येऊ लागलं, त्या सोमवारी नियंत्रण कक्षात पेढे वाटले गेले.

जोशीबुवा म्हणजे कुणी माणूस नव्हे. माणदेशात करगुळच्या माळावर चार तबकड्या, कच्छात तीन, लडाखात एक आणि समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्याला आणखी चार, अशा बारा रेडिओ दुर्बिणींनी कधी, कुठे आणि किती वेळ बघायचं हे ठरवणारं ते यंत्र. बारा तबकड्या एकाच क्षणी एकाच ताऱ्याकडे वळल्या, की हजारो किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण असल्यासारखं काम होतं. पण त्यांना तसं वळवणं म्हणजे बारा गावच्या वऱ्हाडांना एका मुहूर्तावर मांडवात उभं करणं. कुठे वारा सुटलेला, कुठे मोटर जळालेली, कुठे तारा अजून उगवायचाच आहे. म्हणून यंत्राचं नाव जोशीबुवा. खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.

या जोशीबुवांना शिकवलं जयश्री कोळेकरने. सांगलीहून डिप्लोमा करून आलेली जयश्री बावीस वर्षांपूर्वी तबकड्यांची चालक म्हणून लागली आणि बघता बघता अख्ख्या जाळ्याचं वेळापत्रक तिच्या हातात आलं. मोठमोठे शास्त्रज्ञ तिच्या टेबलाशी घुटमळायचे. चार वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा तिने आपली आधीच्या सात वर्षांची वेळापत्रकं आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्यावरून ते काम शिकलं. अगदी बाईंसारखं लावतंय, असं सगळे कौतुकाने म्हणायचे आणि जयश्रीला ते आवडायचं.

कारण विचारायची सोय कायद्याने आली. माणसाला काही द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या प्रत्येक यंत्राने, विचारल्यास, साध्या भाषेत कारण सांगितलं पाहिजे, असा नियम त्या वर्षी, म्हणजे दोन हजार त्रेचाळीस साली, लागू झाला. यंत्राच्या पोटात कोट्यवधी आकडे. त्यातून कारण कसं निघणार, हा जुना प्रश्न होता. त्यावरची नवी युक्ती सोपी होती. यंत्र स्वतःलाच विचारायचं: विनंती हीच, पण तारा दुसरा असता तर माझा निर्णय हाच राहिला असता का? महिना दुसरा असता तर? वारा नसता तर? एकेक गोष्ट बदलून बघायची. जी बदलल्यावर निर्णय पालटतो, ते खरं कारण.

पंधरा दिवस ही सोय फक्त कक्षातल्या लोकांना होती, चाचणीसाठी. त्यानंतर विनंती करणारा कुणीही शास्त्रज्ञ आपलं कारण विचारू शकणार होता. तबकड्यांची देखभाल बघणाऱ्या मुजावरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, की लडाखच्या तबकडीला मंगळवारी सकाळी कधीच काम का मिळत नाही. उत्तर आलं, मंगळवारी सकाळी तिथला चालक हुकमाला सरासरी चाळीस मिनिटं उशिरा प्रतिसाद देतो. मुजावरांनी लगेच त्या चालकाला फोन लावून त्याची यथेच्छ फिरकी घेतली.

"न बोललेलं बी समदं शिकलंय की ओ ह्ये," ते म्हणाले.

जयश्रीही हसली. आणि हसता हसता तिचा हात दर महिन्याला एकच तारा मोजणाऱ्या डॉ. वाळिंबे यांच्या विनंतीवर थांबला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही. करगुळच्या तबकड्या जुन्या, प्रत्येकी तीनशे टनांच्या. आकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळवल्या, की मोटर थांबते, पडद्यावर 'पोचली' असं येतं, आणि नियमाप्रमाणे दोन मिनिटांनी निरीक्षण सुरू करायला हरकत नसते. पण एवढं धूड मोटर थांबली म्हणून थांबत नाही. झोक्यावरून माणूस उतरल्यावर झोका हलत राहतो, तसं ते आणखी चार मिनिटं अगदी बारीक हलत असतं. तेवढ्याने नेम किंचित चुकतो आणि तारा असतो त्याहून फिका दिसतो. जुन्या चालकांना हे अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून वेळापत्रक लावणाऱ्याने देखभालीच्या वेळेतून चार मिनिटं काढायची, तबकडी तेवढी आधी हलवायची, आणि ज्याचं निरीक्षण आहे त्याला त्यातलं काही सांगायचंही नाही, असा रिवाज पडला होता. छापील वेळापत्रकात त्याचा मागमूस नसायचा. त्यांना कक्षात 'पदरची मिनिटं' म्हणत. जयश्री ती सगळ्यांना द्यायची. फक्त वाळिंबेसरांना देत नव्हती.

कारण सांगायचं तर अगदीच क्षुल्लक. अकरा वर्षांपूर्वी सरांचा एक शोधनिबंध आला. त्यासाठी जयश्रीने ऐन दिवाळीचे तीन दिवस कक्षात काढून बारा तबकड्यांचा मेळ बसवून दिला होता. निबंधाच्या शेवटी सरांनी सगळ्यांचे आभार मानले. संचालकांचे मानले, कच्छच्या तंत्रज्ञांचे मानले, गरमागरम मिरचीभज्यांसाठी मेसच्या शिवाजीरावांचे मानले. जयश्रीचं नाव नव्हतं. तिने ते पान तीनदा वाचलं. ती कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर दोन दिवसांत विषय मिटला असता. पुढच्या महिन्यात सरांची पाळी आली तेव्हा मात्र चार मिनिटं आधी द्यायचा हुकूम तिने दिला नाही. नियमात दोन आहेत ना, मग नियमानेच घ्या, असं तिच्या मनात आलं. त्यानंतरही एखाद्या दिवशी मन बरं असलं तर ती द्यायची, बहुतेक वेळा नाही. राग केव्हाच विझला होता. सवय तेवढी उरली होती, आणि सवयीकडे कोण बघतं?

तिने सरांच्या विनंतीवर 'कारण' दाबलं. अक्षरं उमटली:

'या विनंतीला आगाऊ चार मिनिटं दिलेली नाहीत. तारा, महिना, वारा, तबकडी बदलून निर्णय बदलत नाही. विनंती करणाऱ्याचं नाव बदलल्यास चार मिनिटं दिली जातात. ही पद्धत ज. कोळेकर यांच्या हस्तदुरुस्त्यांवरून शिकलेली आहे.'

जयश्रीची कानशिलं तापली. तिने आधी मागे वळून पाहिलं, कुणी वाचलं का म्हणून. मग लक्षात आलं, की आपल्याला पहिल्यांदा सुचलं ते हे. तिने मागच्या चार वर्षांची नोंद उघडली. ती निदान कधीमधी तरी द्यायची. जोशीबुवांनी एकदाही दिली नव्हती. तिच्या सवयीचा त्यांनी नियम करून टाकला होता.

पंधरा दिवसांनी ही तीन-चार वाक्यं सर स्वतः वाचू शकणार होते. सगळे वाचू शकणार होते. यंत्राची जुनी शिकवण पुसण्याचा अधिकार जयश्रीकडे होता. तिने 'सर्व हस्तदुरुस्त्या विसरा' हे निवडलं आणि यापुढे सगळ्यांना सरसकट सहा मिनिटं, म्हणजे नियमातली दोन आणि पदरची चार, असा साधा नियम घातला. 'या नोंदी परत मिळणार नाहीत. पुढे जायचं?' असं यंत्राने विचारलं. तिने होय म्हटलं. तबकड्यांच्या स्वतःच्या नोंदी तर नव्वद दिवसांनी आपोआप जातातच. सहा मिनिटांच्या नियमाचं कळल्यावर मुजावर म्हणाले, लई दिवसांचं काम झालं बघा, ताई. तिने मान डोलावली आणि तिला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, मी मनात धरून ठेवणारी बाई आहे का. विलासची डाळिंबाची रोपवाटिका होती आणि बोलणं मोजकं. तो घास थांबवून हसला.

"माझ्या आत्तेभावाच्या चहात तू गेली चौदा वर्षं साखर कमी टाकतीस," तो म्हणाला. "त्याला वाटतंय, आपल्या घरात तसाच चहा पितात."

एरवी ती यावर खळखळून हसली असती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

नव्या नियमाने सरांचं पहिलं निरीक्षण पुढच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी होतं. रेडिओ दुर्बिणींना दिवस काय नि रात्र काय, सारखीच. डॉ. सदानंद वाळिंबे यांचा तारा म्हणजे एक स्पंदक: मेलेला, गावाएवढा लहान झालेला आणि स्वतःभोवती गरगर फिरणारा. भोवऱ्याला विजेरी बांधून तो फिरवावा, तसा त्याचा रेडिओ झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो आणि आपल्याला ठोका ऐकू येतो. पण भोवरा फिरता फिरता कलतो. या ताऱ्याला एक जड जोडीदार होता, त्याच्या ओढीने त्याचा आस हळूहळू कलत होता आणि झोत पृथ्वीवरून सरकत चालला होता. सर अकरा वर्षं दर महिन्याला दहा मिनिटं करगुळच्या तबकड्यांनी त्याची तेजस्विता मोजत आले होते आणि ती उतरत होती. त्यांचा हिशेब असा, की दीड वर्षात झोत आपल्याला पूर्ण चुकवेल आणि मग दीडशे वर्षं दिसणार नाही. जाता जाता त्याची कड बारा तबकड्यांनी सलग चाळीस तास टिपली, तर ताऱ्याचा झोत आतून कसा असतो हे माणसाला पहिल्यांदा कळलं असतं. त्या चाळीस तासांसाठी त्यांचा अर्ज होता आणि शुक्रवारी वेळ वाटणारी समिती बसणार होती.

बुधवारी निरीक्षण चोख झालं. जयश्रीला जरा मोकळं वाटलं. झालं गेलं, आता तरी सरांचं भलं होईल, असं तिने मनाशी म्हटलं. गुरुवारी दुपारी सर तिच्या टेबलाशी आले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. ती उठून उभी राहिली. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, जे ते कधी करत नसत.

"कोळेकरबाई, माझी अकरा वर्षं चुकली," ते म्हणाले.

तारा उतरत नव्हता, असं ते शांतपणे सांगू लागले. काल त्याची तेजस्विता एक चतुर्थांशाने वर आली होती. निघून जाणारा झोत असा उलटा येत नाही. म्हणजे आजवर दिसलेली उतरण खरी नव्हतीच, कसलातरी भास होता. ते संध्याकाळपर्यंत अर्ज मागे घेणार होते आणि जुना दावा मागे घेत असल्याचं पत्रही लिहायला घेतलं होतं. तारा कुठेच जाणार नसेल तर जाळ्याचे चाळीस तास अडवायचे कशाला?

कालच्याच मोजणीत काही चूक असेल, असं जयश्री कसंबसं म्हणाली.

"कालचं तुमच्याच हातचं आणि आधीचीही तुमच्याच हातची," सर म्हणाले. "चार वर्षं यंत्र लावतंय, पण तेही तुम्हीच शिकवलेलं. दुसऱ्या कुणी लावलं असतं तर मी शंका घेतली असती."

तबकड्या जुन्या आहेत सर, वळल्यावर हलतात, असं तिच्या तोंडून निघून गेलं. निघालं आणि तिला जाणवलं, की आपण आता मुजावरांच्या गळ्यात टाकायला निघालो आहोत. सरांनी विचार केला आणि मान हलवली. हलत असतील तर सगळीच वर्षं सारखी फिकी येतील, त्याने उतरण तयार होणार नाही, ते म्हणाले. कधी हलल्या आणि कधी नाही, असं तर होत नाही ना?

ती टेबलावरचे कागद सारखे करू लागली. आभार मानून ते गेले.

तसंच होत होतं: आधी ती मिनिटं कधीमधी मिळत, यंत्र आल्यापासून कधीच नाही. आणि ते कधी झालं, हे जगात आता फक्त एका माणसाला माहीत होतं. निरीक्षणांच्या कच्च्या नोंदी अवाढव्य, त्या कुणी ठेवत नाही. दहा मिनिटांची सरासरी काढायची आणि बाकीचं पुसायचं. पहिली चार मिनिटं फिकी होती का, हे त्या सरासरीतून कळायला वाव नव्हता. जोशीबुवांच्या पोटात तारीखवार यादी होती, ती तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. अब्रू वाचवायला पुसली होती. तिने डोळे मिटले तरी तिला ते 'होय' दिसत होतं. आता तोंड उघडलं तर नुसतं खुनशीपणाचं नव्हे, पुरावा नष्ट केल्याचंही सांगावं लागणार होतं. न उघडलं तर तारा दीड वर्षांनी निमूट निघून गेला असता, आणि कुणालाही, कधीही काही कळलं नसतं. तिला कळलं असतं.

चार वाजता ती सरांच्या खोलीत गेली. ते पत्रच लिहीत होते. ती उभ्या उभ्या बोलली, कारण बसली असती तर बोलता आलं नसतं. पदरची मिनिटं म्हणजे काय, ती सगळ्यांना कशी मिळत आणि त्यांना कशी मिळाली नाहीत, यंत्राने ते कसं उचललं, आणि दहा दिवसांपूर्वी आपण काय पुसलं, हे सगळं तिने सांगितलं. मध्ये कुठे थांबली नाही.

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी काय केलं होतं तुमचं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, आणि उत्तर देताना ते किती लहान आहे हे तिला पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकू आलं.

"तुमच्या निबंधात माझे आभार नव्हते, सर. शिवाजीरावांच्या भज्यांचे होते."

सरांनी आठवून पाहिलं. "भज्यांचं आठवतंय," ते सावकाश म्हणाले. "तुमचं कसं राहिलं, ते नाही आठवत."

ते रागावले असते, ओरडले असते, संचालकांना फोन लावला असता, तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. तिच्यात अकरा वर्षांच्या निरीक्षणांच्या तारखा ओळीने छापलेल्या होत्या, प्रत्येक तारखेपुढे तेजस्वितेचा आकडा. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला आणि आलेखाचा कागद पसरला.

"यंत्राच्या चार वर्षांत एकदाही नाही, असं तुम्ही म्हणता. ती बाजूला ठेवू. तुमच्या सात वर्षांतल्या चौऱ्याऐंशी तारखा आहेत. कधी दिली आणि कधी नाही, ते एकेक करून सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

तिला आठवत होतं. हीच तर लाजेची गोष्ट होती. मनात धरून ठेवणारं माणूस तारखा विसरत नाही. ही? नाही दिली, त्या दिवशी मुलीची शाळा सुरू झाली होती. ही? नाही. ही? दिली, रोपवाटिकेच्या बोअरला पाणी लागलं होतं, मी खुशीत होते. ही? नाही. ही? आठवत नाही, सर. सर खुणा करत होते. दिलेल्या तारखेला आलेखावर लाल ठिपका, नाही दिली तर फुली, आठवत नसेल तर नुसती रेघ.

चौथ्या वर्षापर्यंत लाल ठिपके नऊ झाले. ते थोडे होते, पण एका ओळीत येत होते. सरांनी पट्टी लावली. ओळ अगदी सावकाश उतरत जाऊन नेमकी कालच्या, बुधवारच्या ठिपक्याला मिळत होती. तारा खरोखरच निघाला होता; सरांना वाटलं होतं त्यापेक्षा हळू, पण निघाला होता. झोत जायला दीडऐवजी तीन वर्षं लागली असती. अर्ज मागे घ्यायचं कारण उरलं नव्हतं. सरांनी अर्धं लिहिलेलं पत्र उचलून खणात टाकलं. जयश्रीला वाटलं, आता तरी आपल्याला रडू येईल, पण आलं नाही.

"हे सगळं छापावं लागेल," सर म्हणाले. "या तारखा का गाळल्या, ते लिहिल्याशिवाय गाळता येत नाहीत. आणि समितीलाही उद्याच सांगावं लागेल. तुम्ही तिथे असाल ना?"

ती हो म्हणाली. नोकरीचं काय होईल हे तिने विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. ते पुन्हा यादीकडे वळले. ही? नाही. ही? नाही. ही? दिली.

पान उलटल्यावर त्यांचं बोट पहिल्याच तारखेवर थांबलं. नऊ जुलै, दोन हजार छत्तीस. या वेळी त्यांनी 'ही?' असं विचारलं नाही.

जयश्रीने तारीख वाचली. त्या सकाळी सरांच्या पत्नी गेल्या होत्या. सर पुण्यात, इस्पितळात होते. तिथून त्यांनी कक्षात फोन करून सांगितलं होतं, की माझं आजचं निरीक्षण रद्द करू नका, एक महिना चुकला तर ओळ तुटते. ते निरीक्षण सुरू व्हायच्या आधी कक्षातले सगळे उभे राहिले होते, दोन मिनिटं, मान खाली घालून. जयश्रीही उभी राहिली होती. तिचे डोळे पाणावलेही होते, खरोखर. मग सगळे बसले आणि ती टेबलाशी जाऊन काम करू लागली.

आठवत नाही, असं म्हणायची मुभा होती. सरांनीच दिली होती. त्यांनी मान वर केली नव्हती. बोट तारखेवर तसंच होतं.

"नाही दिली, सर," ती म्हणाली.

सरांनी पेन उचललं, त्या तारखेपुढे फुली केली आणि बोट खालच्या ओळीवर नेलं.

"ही?"